जुना सेल आधी

३ मार्च, सोमवार. सकाळी साडेसात.

जिला मी रोज दोन वेळा फडक्यानं पुसते, ती मोटरसायकल मला चोर समजते. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते. बाकीचं मागून.

आज सात वाजून दहा मिनिटांनी बोंबलली. मी नुसता आरसा पुसत होते. आधी दोनदा कुईं कुईं केलं. मी म्हटलं गप, तर भोंगाच सुरू. चारी दिवे उघडझाप. वरच्या तीन खिडक्या उघडल्या. रिमोट काढला, बटण दाबलं, दाबलं, दाबलं. अर्ध्या मिनिटानं थांबली. म्हणजे मी थांबवली.

मेकॅनिकला फोन केला. म्हणाला, आजी, कधी वाजते ते तारीख-वेळ घालून लिहून ठेवा, त्याशिवाय रोग कळायचा नाही. ठीक. लिहायला मी कुणाच्या बापाला भीत नाही. शाळा चौथीपर्यंतच, पण इस्पितळाच्या स्वयंपाकघराचं स्टोअर एकतीस वर्षं सांभाळलं आणि एक पोतं सडू दिलं नाही. त्याच स्टोअरचं एक कोरं रजिस्टर घरी पडून होतं, ते काढलंय. मेकॅनिकला वेळा तोंडी सांगीन. वही माझी. कुणी वाचायची नाही.

गाडी नातीची. नात फायर ब्रिगेडमध्ये लागली, शनिवारी पाच आठवड्यांच्या ट्रेनिंगला गेली. पाच एप्रिलला येईल आणि सात तारखेला सकाळी सहाला ड्युटीवर हजर. इतक्या सकाळी बस नाही, म्हणून गाडी हवीच. तिच्या बापाला, म्हणजे आमच्या चिरंजीवांना, ती गाडी डोळ्यांसमोर नको. म्हणून ती माझ्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आली. चिरंजीव म्हणाले, आई, हे तुला झेपायचं नाही. मी म्हटलं, झेपलं तर? म्हणाला, तर आमच्याकडे राहायला चल हे पुन्हा तोंडातून काढणार नाही. आणि नाही झेपलं, तर पाच एप्रिलला बॅग भरायची.

मी हो म्हटलं. एक उभी गाडी सांभाळायची, त्यात काय? मी दोनशे माणसांचं धान्य सांभाळलंय, तेही उंदरांसकट.

रिमोटमध्ये दोष नाही. नात गेली त्याच दिवशी मी तो बोथट सुरीनं उघडून साफ केला. आत नाण्याएवढा चपटा सेल, कोरा करकरीत. उभ्या गाडीला एवढा नवा सेल? काढला आणि डब्यात मागे ठेवला. त्याच्या जागी वजनकाट्यातला जुना लावला. काटा बंद पडला म्हणून काढला होता, पण सेलात थोडा जीव राहतोच. स्टोअरचा नियमच आहे, जुना आधी, नवा मागे. माझ्या बिस्किटाच्या डब्यात सगळे सेल असे रांगेत आहेत.

रिमोटचा लाल दिवा लागतो. मंद लागतो, पण लागतो.

५ मार्च, बुधवार.

सकाळी ६.५०. दुपारी २.१५. संध्याकाळी ५.४०. तिन्ही वेळा मी हात लावला नव्हता. दुपारी तर वर भांडी घासत होते. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरळ खाली पार्किंग दिसतं. तिथूनच रिमोट दाबला. ऐकलं नाही. चप्पल घाला, जिना उतरा, रस्त्यावरचं दार उघडा, वळसा घालून मागे जा, तोवर तीनदा भोंगा.

सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले होते. एका गालाला साबण, दुसरा साफ. म्हणाले, आजी, हे रोजचं झालं. मी म्हटलं, काय, अर्धीच दाढी? हसले नाहीत.

माझ्या मते हे त्यांच्या मांजराचं काम. पिवळं, माजलेलं. सीटवर जाऊन बसतं.

६ मार्च, गुरुवार.

ठराव. आजपासून गाडी पुसायची नाही. तिला माया नको तर मलाही नको. नात सांगून गेलीय की दर तीन दिवसांनी दहा मिनिटं चालू करायची, नाहीतर गाडीची मोठी बॅटरी बसते. तेवढं एक करीन. बाकी बोलणं बंद.

दुपारी पुसली. धूळ बघवत नाही. वाजली, २.३५.

८ मार्च, शनिवार.

मेकॅनिक येऊन गेला. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर आणि शोधतो खिशात. रिमोट उघडला, सेल जिभेला लावून पाहिला, म्हणाला, हा मेलाय. मी म्हटलं, मेला नाही, मंद आहे. मंद माणसंसुद्धा पगार घेऊन रिटायर होतात.

त्याने पाकिटातला नवा सेल घातला. मग जिन्यात उभा राहून बटण दाबलं. एक कुईं. गप्प. पुन्हा दाबलं. दोन कुईं, उघडली. गाडी सुरू करून दाखवली. म्हणाला, आता वर्षभर बघायला नको.

तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर मी रिमोट उघडला. वर्षभर चालणारा सेल पाच आठवड्यांच्या कामाला? डब्यात अजून चार जुने शिल्लक. ते संपल्याशिवाय नव्या पोत्याचं तोंड सोडायचं नाही. नवा मागे ठेवला, पुढचा घेतला. कॅल्क्युलेटरमधला.

ओघात बेलही उघडली. माझ्या दोन खोल्यांचा जिना वेगळा आहे, दार खाली रस्त्यावर आणि मी वर. खाली दाराला बेलचं बटण, वर भिंतीवर डबा, मधे वायर नाही. बटणात तसलाच चपटा सेल निघाला, तोही नवा. गेल्याच महिन्यात चिरंजीवांनी घातला होता. हा सगळा खानदानी उधळेपणा. तो काढला, थर्मामीटरमधला लावला. बेलला लागतं कितीसं? टिंग म्हणायचं आणि गप्प बसायचं.

एका दिवसात दोन नवे सेल वाचवले. नात ट्रेनिंगला गेली, पण शिकलेली बाई घरात बसलीय.

९ मार्च, रविवार.

चिरंजीव अकराला येतो म्हणाले होते. आले नाहीत. मोठी माणसं.

मी तरी मोकळी कुठे होते? साडेदहापासून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी, गाडीवर नजर. वाजली ११.०५. मांजर नव्हतं. वारा होता. वाऱ्याला ओरडणारी गाडी पहिल्यांदा पाहिली.

त्यात समोर कुणाच्या तरी घरी ठोकाठोक. रविवारीसुद्धा खिळे मारतात. खिडकी लावून घेतली.

बारा ते चार मोबाईल बंद, रोजच्यासारखा. बॅटरी वाचते.

१२ मार्च, बुधवार.

सोमवारपासून आजपर्यंत नऊ वेळा. वेळा वेगळ्या पानावर आहेत.

कॅल्क्युलेटरचा सेल थकला. घाबरायचं नाही. खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवला दोन तास. उन्हानं सेल भरतो, हे मी ट्रान्झिस्टरच्या काळापासून करत आलेय. पुन्हा बसवला. दिवा लागला! खाली जाईपर्यंत विझला. जिना जास्त आहे.

मेकॅनिकला फोन. त्याने विचारलं, मी दिलेला नवा सेल आहे ना? म्हटलं, आहे की. नीट आहे. मी खोटं बोलत नाही. डब्यात मागे, अगदी नीट आहे.

मग तो विचारात पडला. म्हणाला, सेल नवा असून ऐकत नसेल तर जवळ एखादी मोठी मोटर, पंप असलं काही आहे का? असल्या गोष्टींनी रिमोटची हाक गाडीपर्यंत पोचत नाही.

पंप! पाण्याचा पंप गाडीपासून चार पावलांवर आहे. आणि पंप कुणाच्या ताब्यात? सेक्रेटरीच्या.

आज छान झोप लागेल.

१४ मार्च, शुक्रवार.

सेक्रेटरीला पटवलं. एक दिवस पंप बंद ठेवायचा आणि बघायचं. आधी नाही म्हणाले. मी म्हटलं, बरं, भोंगा चालू द्या. मग हो म्हणाले.

सकाळी सहापासून पंप बंद. साडेसातला टाकी रिकामी. दुसऱ्या मजल्यावरच्यांची सून डोक्याला शाम्पू लावलेला तशीच गॅलरीत आली आणि तिनं जे शब्द वापरले ते शिकलेल्या घरातले नव्हते. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी रिकामी बादली वाजवली. मी वर पाहून सांगितलं, शास्त्र चाललंय, धीर धरा.

७.४० ला गाडी वाजली.

सगळी इमारत ऐकत होती. रिमोट दाबला, दोन्ही हातांनी दाबला. शेवटी आपलीआपण थांबली.

माझा निष्कर्ष: पंप बंद असला तरी त्याचा परिणाम मागे राहतो. गॅस बंद केला तरी तवा तापलेला असतो, तसं. सेक्रेटरीला सांगितलं. त्यांनी हात जोडले. मान देण्यासाठी जोडले असं वाटलं नाही.

१५ मार्च, शनिवार.

फळ्यावर नोटीस लागली. पंचवीस तारखेनंतर पार्किंगमधल्या कुठल्याही वाहनाचा भोंगा वाजला, तर ते वाहन गेटबाहेर रस्त्यावर. कुठल्याही वाहनाचा म्हणे! जसं काही सगळी वाहनं आळीपाळीनं गातात.

गाडी रस्त्यावर गेली तर एका रात्रीत उचलून नेतील. मग नात कशानं जाणार आणि मी कुठे जाणार ते लिहायला नको. चिरंजीवांच्या घरी मला दिलेली खोली मी पाहिलीय. खिडकी आहे, ती समोरच्या भिंतीवर उघडते. फ्रिजमध्ये काय पुढे, काय मागे, कुणाला पत्ता नसतो. सून दही विकत आणते आणि मागे तीन डबे बुरशीला टेकलेले. तिथे मी आठवडाभर टिकणार नाही. ते घरही टिकणार नाही.

दहा दिवस आहेत. मी आहे.

१७ मार्च, सोमवार.

चिरंजीवांचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. आई, कानाचं कसं आहे? मी म्हटलं, कानाला काय झालंय? म्हणाला, काल आणि त्याच्या आधीच्या रविवारी उशिरा, बारानंतर येऊन गेलो, दहा-दहा मिनिटं बेल दाबली, दारावर बुक्क्या मारल्या, तू उघडलं नाहीस. फोनही बंद.

मी म्हटलं, बेल वाजली असती तर मी उघडलं नसतं? घरात बसून मी काय भजन करत होते? म्हणाला, तेच तर म्हणतोय, वाजते आणि तुला ऐकू येत नाही. सेक्रेटरींनी सांगितलं त्याला, की खाली भोंगा ठणाणा करतो आणि तुमच्या आई पाच-पाच मिनिटं येत नाहीत.

म्हणजे हे दोघे एकमेकांशी बोलतात!

यायचं नाही, वर आल्याचं सांगायचं, आणि दोष माझ्या कानाला. मला शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. काल समोर पुन्हा खिळे ठोकत होते तेसुद्धा मला स्वच्छ ऐकू आलं. बहिरी माणसं खिळे ऐकतात का?

डॉक्टरला दाखवू म्हणाला. मी म्हटलं, आधी तुझी जीभ दाखव.

२० मार्च, गुरुवार.

चालू करायची म्हणून गेले. पंधरा तारखेपासून चालू झालेली नाही. किल्ली नाही, नुसता रिमोट जवळ असावा लागतो. हँडलपाशी किल्लीचं चित्र लागतं आणि त्यावर काट मारलेली असते. म्हणजे मी समोर उभी, रिमोट हातात, आणि ही म्हणते किल्ली नाही.

रिमोट हेडलाइटला टेकवला. सीटखाली धरला. टाकीवर ठेवून वर हात दाबून उभी राहिले. सेक्रेटरींचं मांजर समोर बसून सगळं बघत होतं.

नातीला फोन केला. ती धापा टाकत होती, शिडी खांद्यावर घेऊन पळवतात म्हणे. म्हणाली, आजी, रिमोट चालला नाही तर आकड्यांनी उघडते. चार आकडे सांगितले. पहिला आकडा जितका, तितक्या वेळा डावा इंडिकेटर दाबायचा, मग उजवा एकदा, मग दुसरा आकडा. असं चारदा. मी लिहून घेतलं.

पहिला आकडा सात. पाचव्या दाबाला मांजर सीटवर आलं. त्याला हाकललं आणि मोजणी चुकली. पुन्हा. दुसऱ्या वेळी मी बरोबर केलं, गाडीनं चूक मोजलं. तिसऱ्या वेळी भोंगा. आता तासभर आकडे घेणार नाही, असं नात म्हणाली. तीनदा चुकलं की रुसते. रुसणाऱ्याच्या मागे मी पुन्हा लागत नाही.

मग म्हणाली, आजी, माझी जादा रिमोट किल्ली कुरिअरनं तुझ्याकडे पाठवते. नव्या सेलसकट. मी म्हटलं, सेल नको पाठवू, सेल आहेत.

मोठी बॅटरी काही तीन दिवसांत बसत नसते. तरुण माणसांना घाबरायची हौस.

२२ मार्च, शनिवार.

कुरिअरची वाट पाहिली, सकाळी नऊ ते सहा. खोलीत बेलच्या डब्याखालीच खुर्ची टाकून बसले. जेवण ताटलीत, मांडीवर. चिटपाखरू फिरकलं नाही.

संध्याकाळी मोबाईलवर आलं: घर बंद. परत आणू.

घर बंद! मी बेलकडे बघत बसले होते आणि घर बंद. हल्ली लोक आळसानं जिना बघूनच परत जातात.

२४ मार्च, सोमवार.

घर बंद. पार्सल पाठवणाऱ्याकडे परत.

कुरिअर कंपनीला फोन केला. एक बाई म्हणाली, एक दाबा, दोन दाबा. मी म्हटलं, दाबायचं काम तुमच्या माणसाचं आहे, बेल दाबायचं. ती बाई माणूस नव्हती.

पंचवीस उद्या.

डब्यातला शेवटचा जुना लावला, खेळण्यातल्या कोंबडीचा. नात तीन वर्षांची असताना ती कोंबडी ओरडायची. म्हणजे हा सेल नातीला ओळखतो. नातीची गाडीही ओळखेल.

२५ मार्च, मंगळवार.

६.३० ला वाजली. पण वेगळी. आवाज बसलेला. भोंगा नव्हे, घसा खरवडल्यासारखा. दिवेही पिवळट. चार-पाच सेकंदांत थांबली.

दमली. मी म्हटलं होतं. माझ्यापुढे कुणी टिकलेलं नाही. स्टोअरमध्ये तीन मुकादम आले आणि गेले.

२७ मार्च, गुरुवार.

काल एकदाच, मांजर खाकरतं तेवढी. आज एकदाही नाही.

मुद्दाम जाऊन आरसा पुसला. गप्प. सीटवर थाप मारली. गप्प. हँडल हलवलं. एक शब्द नाही. सेक्रेटरी समोरून गेले, त्यांच्या देखत मी गाडीला टेकून उभी राहिले. त्यांनी फळ्यावरची नोटीस काढली. स्वतःच्या हातानं.

शेवटी गाडीनं मला ओळखलं. पोरासारखं आहे, फार लाड करायचे नाहीत.

चिरंजीवांना फोन करून कळवलं. म्हणाला, बरं. एवढंच. हरलेली माणसं कमी बोलतात.

३० मार्च, रविवार.

शांतता. इतकी शांतता की चैन पडत नाही. दोनदा खाली जाऊन गाडीला धक्का देऊन पाहिला.

कुणी आलं नाही. समोर खिळेसुद्धा नाहीत आज.

५ एप्रिल, शनिवार. दुपारी बारा.

आज येणार. नात आणि तिचा बाप, बारापर्यंत म्हणाले. घर झाडलं. गाडी चकाकतेय. चहाचं आधण ठेवलंय. चिरंजीव आले की काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय: बोल आता, कुणाला झेपलं नाही? मग गप्प बसायचं. जास्त बोललं की वजन जातं.

बारा वाजले, मोबाईल बंद केला. ते येतच आहेत, फोन कशाला जळवायचा?

बारा पन्नास.

अजून पत्ता नाही. आधण आटलं. दुसरं ठेवलं.

समोर खिळे सुरू झाले. आज फारच जोरात.

एक वाजून दहा.

हे बरं नाही. आजीला वाट बघायला लावतात. आल्यावर मी उठणार नाही. बेल वाजली की पाच मिनिटं वाजू देणार, मग उठणार.

मागे पार्किंगमध्ये कसली तरी गडबड आहे. सेक्रेटरींचा आवाज येतोय, काहीतरी फरफटत आणतायत. खिडकीत जाणार नाही. त्यांना वाटेल मी वाट बघतेय.

संध्याकाळी सात.

जे झालं ते झालं तसं लिहिते. मेकॅनिकनंच लावलेली सवय.

मी खुर्चीत बसले होते, चहाचा कप हातात. स्वयंपाकघरातून आवाज आला, आजी! वळून पाहिलं तर नात खिडकीतून आत येतेय. एक पाय ओट्यावर, डोक्याला हेल्मेट. खाली सेक्रेटरी शिडी धरून, त्यांच्या मागे माझा मुलगा, पांढराफटक. मी म्हटलं, दार नाही का तुला? ती ओट्यावरून उतरली, माझ्याजवळ आली, मनगट धरलं आणि नाडी बघायला लागली. ट्रेनिंगमध्ये शिकवतात म्हणे. मी म्हटलं, चहा घेणार का? ती मटकन जमिनीवर बसली.

बारा वाजल्यापासून खाली उभे होते दोघे. बेल दाबली, फोन केला, दार बडवलं. ते खिळे म्हणजे हेच.

मुलगा वर आला तेव्हा त्याचे दोन्ही हात बुक्क्या मारून लाल झाले होते.  मी ठरवलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

नातीनं बेलचं बटण उघडलं. मग रिमोट. मग म्हणाली, आजी, सेल कुठे आहेत? मी डबा दिला. नियम समजावून सांगितला, पुढचे जुने, मागचे नवे. तिनं मागून तीन उचलले आणि चहाच्या बशीत ठेवले. एक रिमोटचा, एक मेकॅनिकचा, एक बापानं बेलला घातलेला. तिघेही बशीकडे बघत बसलो.  मुलगा म्हणाला, आई, तुझ्या स्टोअरमध्ये जुनं पोतं रिकामं झालं तर ते पुन्हा रांगेत पुढे ठेवायचीस का?

हा प्रश्न मला एकतीस वर्षांत कुणी विचारला नव्हता.

मग त्यानं बेलला नवा सेल घातला, खाली गेला, दाबली. मी खुर्चीतून उडाले. एवढा मोठा आवाज असतो हे मी विसरलेच होते.

रिमोटलाही नवा घातला. लाल दिवा लखलखला. नात खाली गेली. गाडी गप्प. दिवा नाही, कुईं नाही, काट मारलेली किल्लीसुद्धा नाही. मोठी बॅटरी साफ बसली. तीन आठवडे चालू न करता बोंबलली, दुसरं काय होणार, असं नात म्हणाली. हळू म्हणाली. मग मीच म्हटलं, म्हणजे तिनं मला ओळखलं नव्हतं. ती म्हणाली, नाही आजी, ती वारली होती.

मी कॉटखालची बॅग काढली. शब्द दिला होता, आणि शब्द मी शिळा होऊ देत नाही. दोन साड्या घातल्या, औषधं घातली. मुलगा बघत होता. सेलचा डबा घालायला गेले तर त्यानं हातातून काढून घेतला.

मग बाप-लेक जिन्यात उभे राहून बोलले. कुजबुजले. मला सगळं ऐकू आलं, कान उत्तम आहेत, आता तर पुराव्यासह. नात म्हणत होती, बाबा, आजी बहिरीही नाही आणि विसरलेलीही नाही, हट्टी आहे, त्यावर घर बदलणं हे औषध नाही. बाप म्हणत होता, आज मी दारात उभा राहून काय काय विचार केला, ते तुला माहीत नाही.

 आता वही मिटते.

७ एप्रिल, सोमवार. सकाळी साडेआठ.

गाडी काल मेकॅनिक टेम्पोत घालून घेऊन गेला. जाताना मला विचारलं, आजी, नवा सेल नीट होता ना? मी म्हटलं, डाग नाही पडला त्याला.

नातीला आज पहाटे पाचला निघून तिच्या बापानं ड्युटीवर सोडलं. ज्याला गाडी डोळ्यांसमोर नको होती, त्यालाच साडेचारला उठावं लागलं. एवढं एक चांगलं झालं.

ठरलं ते असं. महिनाभर बघायचं. मी इथेच. बॅग भरलेलीच कॉटखाली ठेवायची, उघडायची नाही. नात ड्युटी नसेल तेव्हा इथे राहणार. मोबाईल बंद करायचा नाही. डबा चिरंजीवांच्या ताब्यात. आणि रोज सकाळी आठला खालून कुणीतरी माझी बेल दाबणार, मी आहे की नाही ते बघायला. मी उघडलं की झालं. नाही उघडलं तर बॅग.

कुणीतरी म्हणजे सेक्रेटरी. चिरंजीवांनी इमारतीतला दुसरा माणूस शोधलाच नाही.

आज पहिला दिवस. आठला एक मिनिट असताना वाजली. त्यांचं घड्याळ पुढे आहे, सांगितलं मी. पूर्ण दाढी करून आले होते. म्हणाले, आजी, लगेच उघडलंत. म्हटलं, जात होते काहीतरी आणायला, दारातच होते. पावणेआठपासून दारामागे जिन्याच्या पायरीवर बसले होते हे त्यांना कशाला सांगू?

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. बेल दिवसातून एकदा वाजणार. बाकीचा दिवस आणि रात्र नवा सेल आत नुसता बसून. सकाळी पाच मिनिटं आधी घालायचा आणि नंतर काढून ठेवायचा, किती वर्षं पुरेल! पण हात लावलेला नाही. नातीनं झाकणावर चिकटपट्टी मारलीय आणि तिच्यावर सही केलीय.

नातीसाठी हे खाली मोठ्या अक्षरात लिहून, पान फाडून जिन्याच्या दाराला आतून लावतेय. वहीतलं हे एकच पान तिनं वाचायचं:

आठची बेल माझी आहे. तू घरात असलीस, जागी असलीस, दाराला टेकून उभी असलीस, तरी उठायचं नाही. दार मीच उघडणार.